तिसगावच्या तंबूत आमच्या नाटकाचा सिनेमा

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी मी नगरहून तिसगावची एस.टी. पकडली. मित्रांना सांगितलं, आमच्या जुन्या विनोदी नाटकाचा सिनेमा तिथल्या तंबूत लागलाय, तो बघायला चाललो. खरं कारण पिशवीत होतं: हक्कसोडीचा कागद. वडिलांच्या घरातला आपला हिस्सा तिसगावला दिलेल्या माझ्या बहिणीनं, आक्कानं, सही करून मला सोडायचा. सोबत तिच्यासाठी एक लुगडंही घेतलं होतं.

करंजीच्या घाटात गाडी तापली. तासभर आम्ही उतारू खाली उतरून उघडे डोंगर बघत बसलो. तरीही आक्का स्टँडवर वाट बघत उभी. चार वर्षांनी भेटत होतो. जेवायला तिनं शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे, तिखट रश्श्यात शिजवलेले वळे) केले होते. मी तीनदा मागून घेतले. लाज माझ्याकडे मुळातच बेताची.

दिवेलागणीला तंबूत गेलो. मधे दोर बांधलेला. अलीकडे दाजी आणि मी, पलीकडे आक्का नि बाकीच्या बायका. नाटकात मी लोभी भावाचं काम करायचो. बहिणीला जिलेबी भरवता भरवता तो कागदावर तिचा अंगठा घेतो, तिथं नगरला हमखास हशा. सिनेमातल्या नटापेक्षा मी बरा होतो, हेही सांगून टाकतो. इथंही पुरुष पोट धरून हसले. दोरापलीकडे मात्र चिडीचूप. मग एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हसताय कशापायी? समद्यांच्या भावांनी ह्येच केलंय." पुढचा सिनेमा मला फारसा दिसलाच नाही.

सकाळी चहा देताना आक्कानंच विचारलं, "कागद आनलाय न्हवं?"

"कसला कागद?"

"दिवाळी न्हाई, पंचमी न्हाई, अन् लुगडं आनलंस. तवाच कळलं. दे, सही करते. हिस्सा मागितला की म्हायेर तुटतं, बाळू. मला म्हायेर पायजे."

"घरीच राहिला," मी खोटं बोललो.

"मंग पुढच्या बारीला आन. तेवढ्यासाठी का व्हईना, येशील तरी."

परतताना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर लक्ष लागेना. तिला सगळं कळत होतं आणि तरी तिनं शेंगोळे केले, याचंच राहून राहून वाईट वाटत होतं. घाट उतरल्यावर मी कागद काढला आणि फाडून टाकला. आता आक्काकडे जायला माझ्यापाशी कुठलंच कारण उरलं नाही. नुसतंच जायचं.