हुजूर पक्षासाठी पाण्यात देव

ब्रिटनच्या हुजूर पक्षाची काळजी त्या पक्षाच्या अध्यक्षांपेक्षाही जास्त करणारा माणूस बहारीनमध्ये, माहूजला, आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. मूळचे रत्नागिरीकडचे, एका बांधकाम कंपनीत स्टेनो, पगाराने आणि प्रकृतीने बेताचे. अख्ख्या पक्षातून त्यांनी एकच खासदार आपला मानला होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण सांगूनही कुणाला आठवणार नाही. हे शेजारी त्याला 'आमचे साहेब' म्हणत. ज्याच्या हाताखाली रोज आठ तास काढायचे त्या गोऱ्या मॅनेजरला मात्र नुसतं 'तो'. मॅनेजरने वाचून टाकलेल्या लंडनच्या पेपरांतून त्यांनी साहेबांची कारकीर्द कात्रीने जमवली होती. साहेब दोनदा पडले, तिसऱ्यांदा निवडून आले, पुढे उपमंत्री झाले आणि खातं मिळालं मासेमारीचं. त्या दिवशी शेजाऱ्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. मला म्हणाले, "कोळंबीतलं त्यांना काय कळणार हो? आपणच कळवायला हवं." आणि खरोखरच चार पानी पत्र टाइप करून धाडलं. उत्तर दोन ओळींचं आलं, सहीसुद्धा सेक्रेटरीची. ते फ्रेम होऊन देव्हाऱ्याशेजारी लागलं. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, की यालाही रोज फूल वाहायचं का.

रेडिओवर लंडनच्या बातम्या लागल्या की शेजारी मांडीवर वही घेऊन त्या शॉर्टहँडमध्ये उतरवून घेत, जणू पंतप्रधान त्यांनाच डिक्टेशन देत आहेत. साहेबांचं मंत्रिपद गेलं तेव्हा त्यांनी तीन दिवस दाढी केली नाही. मात्र स्वतःची बढती दोनदा हुकली, तेव्हा ते नेमाने दाढी करून ऑफिसला गेले. मला त्यांचा राग यायचा. इतक्या लांबच्या माणसासाठी झुरणारा हा गृहस्थ मॅनेजरच्या खोलीत जाऊन दोन शब्द का बोलत नाही, ते मला कळत नसे.

मग ऐंशीच्या दशकातलं ते मंदीचं वर्ष आलं. तेलाचे भाव कोसळले, कंपनीची कामं थांबली आणि कमी करायच्या लोकांची यादी शनिवारी लागणार असं ठरलं. यादीत नाव म्हणजे व्हिसा खलास, महिनाभरात घर रिकामं, आणि मुलगी तर दहावीत. नेमकी त्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये निवडणूक होती आणि साहेबांची जागा डळमळीत होती. बुधवारी शेजाऱ्यांनी देव्हाऱ्यातले देव उचलून तांब्याच्या पातेल्यात, पाण्यात ठेवले. मनातली गोष्ट होईपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत. वहिनींचे डोळे भरून आले. मला जिन्यात म्हणाल्या, "भाऊजी, पहिल्यांदा काहीतरी मनावर घेतलं बघा यांनी."

शुक्रवारी सुट्टी. दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तर घरात कुणी धड जेवलेलं नव्हतं. मुलगी पुस्तक उघडून एकाच पानावर बसली होती. शेजारी रेडिओला कान लावून होते. साहेबांच्या मतदारसंघात मोजणी दुसऱ्यांदा चालू होती. खरखर वाढली की ते एरिअल धरून भिंतीला चिकटत, आणि कुणी खुर्ची सरकवली तरी हात वर करत. शेवटी निकाल आला. साहेब थोडक्या मतांनी निवडून आले होते. शेजारी उठले, हात धुतले, सरळ पातेल्यापाशी गेले आणि बाळकृष्ण बाहेर काढून पंच्याने पुसू लागले.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "यादी उद्या आहे."

त्यांचा हात थांबला. त्या क्षणी आम्हा सगळ्यांना कळलं की देव कुणासाठी पाण्यात होते. वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवऱ्याच्या हातातून बाळकृष्ण घेतला आणि परत पाण्यात ठेवला.

"अगं, आत्ताच तर एक दिलंय त्यांनी," शेजारी पुटपुटले. "आता परत कोणत्या तोंडानं मागू?"

"तुम्ही नका मागू. मी मागते."

शनिवारी कामावरून परत येताना मी त्यांच्या दारात थांबलो. देव जागेवर होते, कोरडे, गंध लावलेले. मला हायसं वाटलं. मग शेजाऱ्यांचा चेहरा दिसला.

"नाव आहे," ते म्हणाले. "तिसरंच."

"मग उगाच त्यांना कशाला बुडवून ठेवायचं," वहिनी आतून म्हणाल्या.

मी बसलो. राहवलं नाही म्हणून विचारलं, की निदान मॅनेजरकडे एक शब्द तरी टाकायचा. ते म्हणाले, "साहेबांसाठी मागायला काही वाटत नाही हो. स्वतःसाठी मागायचं म्हटलं की जीभ जड होते. लहानपणापासून तसंच आहे."

वहिनींनी चहा आणून ठेवला. शेजाऱ्यांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहा बिनसाखरेचा असावा. तरी पुन्हा कप उचलला.

"मागा," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"साखर. आत डबा भरलेला आहे. पण मागितल्याशिवाय घालणार नाही."

ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. शेवटी, आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असल्यासारखे ते म्हणाले, "मला थोडी साखर दे."

वहिनींनी दोन चमचे घातले आणि ढवळून कप त्यांच्या हातात दिला.