‘किल्लू’ हा एक माणूस होता

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोघे आत शिरले तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं. तिथे बसणाऱ्याला सगळे किल्लू म्हणत. नाव त्याच्या बायकोने ठेवलेलं. खिशात किल्ल्यांचा खुळखुळाट घेऊन हिंडणाऱ्याला आणखी काय म्हणायचं, असं तिचं म्हणणं. त्यांच्या-आमच्या घरात एकच भिंत. तिची हाक आम्ही उचलली, आमच्याकडून गल्लीने.

तो गरीब स्वभावाचा, कामात मात्र हट्टी. किल्ली हरवली तर नवी किल्ली तो त्या दारासमोर उभं राहूनच करी, घरचं माणूस शेजारी असताना. कोरी किल्ली कुलपात फिरवायची, पात्यावर उमटलेल्या खुणा बघायच्या, तेवढंच कानशीने घासायचं. साबणावर उठवलेला किल्लीचा ठसा घेऊन कुणी आलं तर ‘दार कुठंय तुमचं?’ एवढंच विचारी.

एकदा वस्तीतल्या एका गुंडटोळीची माणसं असाच ठसा घेऊन आली. त्यांनाही त्याने तेच विचारलं. ती हसत निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानात शिरून त्यांनी त्याला भोसकलं. गल्लीत कुणी काही पाहिलं नव्हतं. निदान पोलिसांना आम्ही तसं सांगितलं.

मग ती माणसं दुकानादुकानांत जाऊन म्हणू लागली, “ऐकलं नाहीस तर तुझा किल्लू करू.” जीव घेऊ, असं वेगळं सांगावं लागत नसे. पुढे टोळी मोडली, शब्द राहिला. लांबच्या वस्त्यांतले गुंडही तो वापरू लागले, मग मित्र मित्राला चेष्टेने म्हणू लागले. मी शाळेत शिकवते त्या वर्गात एका मुलीने दुसरीला तसंच म्हटलं. मी दटावलं, पण का ते तिला कळलं नाही.

दुकान आता बायको चालवत होती. शब्द कानावर आला की मान खाली घालून किल्ली घासत राही. त्यामागे एक माणूस आहे हे लोकांना ठाऊक असणार, एवढ्यावर तिने धीर धरला होता.

एके दिवशी नव्याने राहायला आलेला एक गृहस्थ कुलूप घ्यायला आला. फोनवर मित्राशी हसत बोलत होता, “आज आला नाहीस तर तुझा किल्लूच करतो बघ.” फोन ठेवल्यावर तिने विचारलं, हा शब्द आला कुठून?

“काय की, मावशी. असेल कुणीतरी भित्रा, मेला असेल फुकटचा.”

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. त्या गृहस्थाला तिने सगळं सांगितलं होतं. बिचारा हात जोडून गेला म्हणाली.

“पण बाई, ते कसे मेले तेवढंच सांगितलं मी. कसे हसायचे, ते सुचलंच नाही. आता मलाही आधी ती दुपारच आठवते. हाक मारावीशी वाटते, पण तोंडातून निघत नाही. तुम्ही म्हणता का एकदा? पूर्वी भिंतीपलीकडून म्हणायचात तसं.”

मी म्हटलं. पूर्वीसारखंच म्हणायचा प्रयत्न केला, पण माझ्याही तोंडून तो धमकीचाच शब्द निघाला. तिने माझा हात घट्ट धरला आणि पुन्हा म्हणू नका, असं मानेनेच सांगितलं.