बाबा थकलेत, म्हणजे नक्की काय?

"तू एकदा साफ साफ इंग्लिशमध्ये लिहून पाठव ना, बाबांना नक्की काय होतंय ते," दादा फोनवर म्हणाला. "इथे बॉसला सांगावं लागतं. सीरियस असेल तर मी आत्ता निघतो. नाहीतर डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन येतोच आहे."

दादा कॅनडात असतो, कितीतरी वर्षांत इकडे आलेला नाही; मी इंदूरला तुकोगंजात बाबांपाशी. पलासियाच्या एका कोचिंग क्लासात बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकवते. समानार्थी शब्दांवरच माझी रोजीरोटी चालते म्हणा ना! तेव्हा एक शब्द लिहून पाठवणं म्हणजे काय मोठं? मी फोन ठेवला, चहा टाकला, आणि चहा उतू जाऊन ओटाभर झाला तरी मला शब्द सापडेना.

कारण बाबांना काय होतंय हे मलाच कळत नव्हतं. आजार म्हणावा तर ताप नाही, खोकला नाही, बीपी-शुगर माझ्यापेक्षा बरी. डॉक्टर म्हणाले, "उमर है मैडम, ये तो चलता रहेगा." चलता रहेगा म्हणजे कुठवर, असं विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. पण मी घरात राहते, मला दिसत होतं. बाबा आधी पेपर पहिल्या ओळीपासून भाड्याच्या घरांच्या जाहिरातींपर्यंत वाचायचे. मग नुसते मथळे वाचायला लागले. मग पेपर मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसायला लागले. पोह्यांवर जीरावनचा मसाला कमी पडला की प्लेट सरकवून देणारा माणूस, आता काहीही पुढे ठेवा, मुकाट्यानं खातो. सगळ्यात वाईट म्हणजे ते भांडेनासे झाले. मी एकदा मुद्दाम त्यांच्या लाडक्या पुढाऱ्याला नावं ठेवली, तर म्हणाले, "असेल बाई." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दादाला यातलं काही दिसायला मार्ग नव्हता. व्हिडिओ कॉल लावून दिला की बाबा फोन कानाला लावतात. कितीदा सांगितलं, अहो समोर धरा, तो दिसतोय. पण फोन हा कानालाच लावायचा असतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे दादाला पडद्यावर नुसता एक कान दिसायचा, आणि कान ठणठणीत होता. बाबांना तर दादा कधी दिसलाच नाही.

तर शब्द. डिक्लाइन म्हटलं की मला सोयाबीनचे भाव आठवतात. फेडिंग म्हणजे धुऊन धुऊन विटलेली चादर. वेनिंग हा शब्द मला आवडतो, पण तो चंद्राचा; चंद्र पुन्हा भरतो, मग दादाला असली खोटी आशा कशाला दाखवू? फेलिंग लिहायला हात धजेना. आमच्या घरात फेल म्हणजे नापास, आणि बाबा जन्मात कशात नापास झाले नाहीत. राहता राहिला सिंकिंग. तो लिहिला असता तर दादा मिळेल त्या विमानात बसला असता, आणि इथे येऊन बघतो तर काय, बाबा खुर्चीत बसून शेव खातायत! मग मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि मी गुळमुळीत काहीतरी लिहिलं, तो डिसेंबरपर्यंत थांबला, आणि तोवर बाबाच... त्या 'आणि'च्या पुढे मला जाववेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

दुसऱ्या दिवशी क्लासात मी फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलं: म्हाताऱ्या माणसाची तब्येत हळूहळू अमुक होत आहे. अमुकच्या जागी रिकामी रेघ, खाली माझ्या कालच्या शब्दांतले चार पर्याय. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "डिक्लाइनिंग!" का, म्हणून विचारलं तर म्हणे, "मैम, पिछले पेपर में यही आया था." बरं, मग बाकीचे तीन का नाहीत? यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, मैमला आज झालंय तरी काय. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मैम, डिपेंड करता है. बुड्ढा बचेगा क्या?"

मी फळा पुसला आणि वर्ग लवकर सोडला.

परतताना रिक्षा सिग्नलला अडकली होती, तेव्हा म्हटलं, जाऊ दे, बहुमत तर बहुमत. दादाला लिहून टाकलं, बाबा इज डिक्लाइनिंग. घरी पोचायच्या आत उत्तर आलं: "क्या डिक्लाइन कर रहे हैं? दवा? समजाव ना त्यांना." मी कपाळाला हात लावला. त्याच्या ऑफिसात डिक्लाइन म्हणजे मीटिंगला नाही म्हणणं, दुसरं काही नाही.

पर्स सोफ्यावर टाकली आणि फोन लावून तोंडच सोडलं. "अरे, होळी झाल्यापासून मी काय सांगतेय तुला? बाबा थकलेत! दर फोनला सांगतेय, बाबा थकलेत, बाबा थकलेत!"

"हां, तर मी पण दर वेळी तेच बोलतोय ना," दादा म्हणाला, "थकले असतील तर आराम करू दे त्यांना. दुपारचं भाजी-वाजी आणायला नको पाठवत जाऊ."

आमच्या घरात लहानपणी कुणी म्हटलं, "मावशी आता थकल्या हो," की मोठी माणसं हातातलं काम खाली ठेवायची, आणि कुणीतरी म्हणायचं, "एकदा भेटून येऊ या." "मग झोपू द्या त्यांना," असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. पण दादाचं मराठी अर्धं इंदुरातच हिंदीत विरघळलं, उरलेलं तिकडे गेलं. मी थकलेत म्हणायचे, त्याला 'थक गए' ऐकू यायचं. हिंदीतला थकवा रात्रभर झोपलं की जातो. आमचा जात नाही.

आता राग काढू तरी कुणावर? मीही दिवसभर हिंदीच बोलते. उलट मलाच शंका यायला लागली, की मी तरी इतके महिने कुठल्या अर्थानं म्हणत होते? कदाचित बाबा खरंच नुसते दमले असतील. मीच उगाच शब्द उकरत बसले असेन. डोक्याचा पार भुगा झाला.

माझा आवाज ऐकून बाबा भिंतीला धरत धरत बाहेर आले. "कुणावर ओरडतेस?"

"दादावर. तुमच्या तब्येतीला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं, ते ठरत नाहीये."

"त्याला कशाला पाहिजे इंग्लिश?"

"आत्ता यायचं का डिसेंबरात, ते ठरवायला."

बाबांनी माझ्या हातातला चालू फोन घेतला, कानाला लावला, "ये," म्हणाले आणि परत दिला.

मी फोन कानाला लावला. दादा म्हणाला, "निकलता हूं." पुढे त्यानं मला एक प्रश्न विचारला नाही.

त्याच आठवड्यात तो आला. मुलं नाहीत, हातात एकच बॅग. बूट काढले आणि सरळ बाबांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला. गुडघे दुमडताना त्याला त्रास झाला, ते मला दिसलं. बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं. केस सगळे पांढरे, समोरून तर गेलेलेच, डोळ्यांखाली काळं. बाबा बराच वेळ बघत राहिले. दादा हसला, "काय बघताय?" म्हणाला, आणि डोळे पुसत आंघोळीला उठून गेला.

बाथरूमचं दार लागल्यावर बाबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. चांगले संतापले होते.

"हा एवढा म्हातारा झाला," ते म्हणाले, "आणि तू मला बोलली नाहीस?"