पोलिसांच्या बंदुकीची सोडत

मी शारजात बसून बंदुकीची सोडत काढली. गावच्या शाळेचं छप्पर वादळात उडालं होतं आणि माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आमच्या कोकणात सोडतीचं कुणाला नवल नाही. होळीला, क्रिकेटच्या सामन्यांना बक्षिसाला बोकड लावतात, कोंबडे लावतात. आमच्या यजमानांची एकनळी बंदूक होती, रानडुकरं हाकायला, रीतसर परवान्याची. ते गेल्यावर ती दिराच्या माळ्यावर पडून असणार, असं मी धरून चालले. बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर यजमानांचा बंदूक धरलेला फोटो टाकला. तिकीट दहा दिरहॅम, म्हणजे आपले दोन-अडीचशे रुपये. बक्षीस गावी जाऊन घ्यावे. (दोघींनी विचारलं, बक्षीस नेमकं कोणतं. मग बंदुकीभोवती गोल काढून दिला.)

वरच्या मजल्यावरच्या जुबेदाने एकटीने पाच तिकिटं घेतली. रत्नागिरीची बाई. म्हणाली, "काकी, आमच्या आंब्याच्या कलमांवर माकडं फार माजलीत."

तिसऱ्या दिवशी नात शाळेतून आली, माझ्या फोनमध्ये डोकावली.

"आजी, धिस इज इल्लीगल. डॅड विल गो टू जेल."

"तुझा बाप कशाला? तिकिटं मी विकली."

"द सिम इज इन हिज नेम."

संध्याकाळी नितीन, माझा मुलगा, ऑफिसातून आला. सगळं वाचलं आणि बुटांसकट खाली बसला.

"आई, इथे परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा. सोडत काढणं गुन्हा. वर बंदुकीचा फोटो."

"बंदूक इथे कुठे आहे? गावी आहे."

"तिथला गुन्हा वेगळा. लायसन बाबांच्या नावावर होतं. माणूस गेला की लायसन खलास. आणि ज्याच्याकडे स्वतःचं लायसन नाही त्याला बंदूक देताच येत नाही."

"म्हणजे मी एका फोटोत दोन देशांचे कायदे मोडले?"

"हो. आणि व्हिसा माझा जाणार."

त्याची नोकरी, पोरीची दहावी, हे भाड्याचं घर, सगळं माझ्या एका गोलावर टांगलेलं. मी आयुष्यात सासूला भ्याले नाही, सरपंचाला भ्याले नाही. त्या संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं तरी मी उठून कडी तपासत होते.

सकाळी ग्रुपवरचं सगळं पुसलं आणि दारोदार पैसे परत करत निघाले. कुणी घेईना!

"शाळेला दिलेले पैसे परत कसे घेऊ, काकी? पाप लागेल."

"घे बाई. पाप परवडेल, पोलीस नाही परवडणार."

जुबेदा शेवटची. "पैसे राहू द्या. मला बंदूक द्या."

"बंदूक नाही. आधी तो फोटो पूस."

"माझा पुसते. पण भावाला पाठवला होता. त्याने तिकडे सगळ्या ग्रुपांवर टाकला."

मी तिच्या उंबऱ्यावरच बसले. तिनेच मला धरून खाली आणून सोडलं, पैसेही घेतले.

संध्याकाळी गावाहून दिराचा फोन आला. नितीनने स्पीकर लावला.

"वहिनी, दादाचा फोटो तालुकाभर फिरतोय. कुठली बंदूक वाटताय?"

"तुमच्या माळ्यावरची."

"माळ्यावर कुठली? दादा गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा केली. तुम्हीच केलीत."

"मी?"

"अर्जावर सही तुमची आहे. मी वाचून दाखवत होतो, तर म्हणालात, द्या इकडे, मला कळतं."

नितीनने विचारलं, "काका, मग तिथे काही केस?"

"कसली केस? वहिनींकडे द्यायला बंदूकच नव्हती. ठाण्यात मी सांगून ठेवतो."

इथेही कुणी तक्रार केली नाही. तरी महिनाभर अनोळखी नंबर आला की नितीन आधी माझ्याकडे बघायचा.

मी चौथी शिकलेली. सही करायला तेवढं पुरतं. कशावर केली ते वाचायला बहुधा पाचवी लागते.