भट्टीतून आलेला गणपती

"त्यांचा हेतू चांगला होता हो," असं कोणी म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. वाईट हेतूच्या माणसाला निदान पकडले जाण्याची भीती असते. चांगल्या हेतूवाला बिनधास्त असतो, आणि वाटोळं करून वर आपल्याकडून आभाराची वाट बघतो. माझ्या हातचा पहिला गणपती अशाच चांगल्या हेतूनं भाजला गेला आणि चांगल्याच हेतूनं तो पुढं खोक्यात जायला निघाला होता.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नवरा खाणीत इंजिनियर, त्यामुळं आम्ही कोलोराडोतल्या एका डोंगराळ गावात राहत होतो. गाव इतकं उंचावर की आमच्या घरामागच्या चढावर थोडं गेलं की झाडं संपायची आणि नुसता खडक लागायचा. जूनमध्येही बर्फ पडायचं. डाळ कुकरशिवाय शिजायचं नाव काढत नसे. गावात खाण, स्की करायला येणाऱ्यांसाठी दोन-चार हॉटेलं, आणि जुन्या फायर स्टेशनच्या इमारतीत कुंभारांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, शहरातल्या नोकऱ्या सोडून डोंगरात राहायला आलेली सात-आठ गोरी माणसं एकत्र बसून मातीची भांडी करायची. मीही त्यांच्यात जाऊ लागले होते.

त्यांचं काम चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकते, नंतर रागात राहून जायला नको. हवा तिथं इतकी कोरडी की कपाला कान लावायला घ्यावा तोवर कप वाळून बसायचा. म्हणून प्रत्येक भांडं ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, बाळंतिणीच्या खोलीत असावी तशी फडकीच फडकी. थंडीत माती गोठू नये म्हणून पोती घरी नेऊन पलंगाखाली ठेवणारे लोक होते ते. आणि विरळ हवेत भट्टी नीट पेटत नाही, तर एक उंच, पिकल्या वेणीची बाई नुसता ज्वाळेचा रंग बघून झडप कमी-जास्त करायची. तिला मी मनात भट्टीवालीच म्हणायची. माझ्यावर तिचा जीव होता. तोच नडला.

माझं माहेर कोकणातलं, कुंभाराचं. आमच्या पडवीत दरवर्षी गणपतीची शाळा भरायची, आषाढापासून मूर्तींच्या रांगा लागायच्या. आम्हा मुलींना माती मळायची, साच्यात दाबायची, हातापायांचे जोड लावायची मुभा होती. डोळे मात्र वडील आखायचे, वडिलांनंतर भाऊ. डोळे आखले की मातीचा देव होतो, आणि ते काम बायकांचं नाही. का नाही, असं मी एकदा विचारलं तेव्हा आईनंच मला गप्प केलं. लग्न होऊन अमेरिकेत आले तोवर शेकडो गणपतींचे कान मी लावले असतील, डोळा एकाचाही नाही.

डेन्व्हरला मराठी मंडळ होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा अध्यक्षांच्या बायकोनं, म्हणजे सगळ्यांच्या काकूंनी, माहेरचं आडनाव विचारलं, मग गाव, मग वडिलांचा धंदा. मी सांगितलं. काकू मोठ्यांदा हसून म्हणाल्या, "तरीच! वर्ष झालं येऊन, आज तोंड दाखवलंस. म्हणतात ना, कुंभाराची सून कधी तरी उकिरड्यावर येणारच!" भोवतालच्या बायका हसल्या. मी सून नाही, मुलगी. आणि उकिरडा म्हणजे नक्की काय म्हणायचंय काकू, हा तुमचा हॉल का, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. नवऱ्यानं कोपर मारलं म्हणून मी श्रीखंड खात बसले. ते कोपर मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पुढच्या वर्षी अध्यक्षकाकांचा फोन आला. मंडळाचा गणपती तोवर पितळेचा, कोणाच्या तरी देवघरातला. "या वर्षी जरा ऑथेंटिक करू या म्हणतोय," काका म्हणाले. "तू मातीची मूर्ती करून दे. तुमच्या घरचंच काम ते, रक्तातच असणार." रक्तातच असणार! त्यांची पीएचडी कष्टाची आणि माझ्या हातातलं काम रक्तातलं. तरीही मी हो म्हटलं, कारण फोन धरल्या धरल्याच मला कळलं होतं की या गणपतीचे डोळे आखायला इथं ना वडील आहेत ना भाऊ.

रस्त्याच्या कडेची तांबूस माती त्या लोकांनी मला खणून दिली. मी साच्याशिवाय, नुसत्या हातांनी मूर्ती घडवली. हातभर उंच, मांडी घालून बसलेली, सोंड डावीकडे. मग भट्टीवालीला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं की ही भाजायची नाही. कच्चीच राहणार, पूजा होणार आणि मग पाण्यात सोडायची, म्हणजे विरघळेल.

"पण मग ती मोडेल," ती म्हणाली.

"मोडायलाच हवी."

तिनं मान डोलावली. मान डोलावणं आणि समजणं यात किती अंतर असतं ते मला नंतर कळलं. त्या लोकांच्या लेखी कच्ची माती म्हणजे अजून काही झालेलीच नसते. भांडं भट्टीत गेलं की जन्माला आलं, तोवर नुसता चिखल. आणि त्यांची एक रीत होती: कोणी गावाला गेलं तर त्याचं अर्धवट काम बाकीच्यांनी पुरं करून ठेवायचं. कोणाच्या कपांना कान लावून ठेवतील, कोणाची ताटं भाजून ठेवतील. ते प्रेम होतं त्यांचं.

नेमकी तेव्हाच खाणीतली माणसं कमी व्हायला लागली. नवऱ्याला टेक्सासला मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि आम्ही शुगर लँडला त्याच्या कॉलेजच्या मित्राकडे जाऊन राहिलो. मूर्ती मी ओल्या फडक्यांत, वर प्लास्टिक लावून ठेवून गेले होते. घामानं निथळत, दुसऱ्याच्या घरात, मी मनातल्या मनात डोळ्यांची रेघ ओढून बघायची. वरची पापणी आधी, मग बुबुळ, मग भुवई. वडिलांचा क्रम तोच.

परत आलो ते गणेशचतुर्थीच्या तोंडावर. कारखान्यात गेले तर सगळे टेबलाभोवती उभे, वाढदिवसाला सरप्राइज द्यायला उभे राहतात तसे. मध्ये माझा गणपती. विटेच्या रंगाचा. मी टिचकी मारली. खणकन वाजला.

कच्ची माती वाजत नाही.

"इतकी सुंदर झालीय," भट्टीवाली म्हणाली, "तिला मोडू द्यायचं मला सहनच होईना. आणि भरीव होती ना, तशीच भाजली असती तर भट्टीत फुटली असती. म्हणून मी मागून कापली, आतून पोकळ केली, परत जोडली. बघ, जोड दिसतो का?"

जोड दिसत नव्हता. बाई कारागीर खरी. माझ्या बाप्पाची पाठ तारेनं कापून, पोट कोरून काढून तिनं ती अशी काही सांधली होती की माझ्या वडिलांनीही दाद दिली असती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी मराठीत ओरडले, मग इंग्रजीत. सांगितलं होतं ना! काय समजून हात लावलास! ती पांढरीफटक पडली. मग डोळे पुसत तिनं विचारलं, "पण नष्ट करण्यासाठी कोणी काही बनवतं का?" मी म्हटलं, आम्ही बनवतो. पिढ्यान्पिढ्या बनवतोय. तुला कोणी विचारलं होतं?

मी गणपती उचलला आणि घरी आले. चांगल्या माणसांवर ओरडून झालं की हलकंसुद्धा वाटत नाही, घसा तेवढा बसतो.

नवी मूर्ती करायला वेळ नव्हता. मी काकांना फोन करून सांगितलं की मूर्ती भाजली गेली आहे, विरघळणार नाही, तुमचा पितळी गणपतीच बसवा.

काका आनंदानं जवळजवळ ओरडलेच. "अगं, हे बेस्टच झालं! परमनंट झाला की! दरवर्षीची कटकट गेली. विसर्जन सिंबॉलिक करू आणि पॅक करून बेसमेंटमध्ये ठेवू."

"विसर्जन करणार असाल तरच देईन," मी म्हटलं. "डोळे अजून आखलेले नाहीत. ते मी आखीन, पण रविवारी तो खराखुरा पाण्यात जाईल. नाहीतर मूर्ती माझ्याकडेच राहू दे."

"हो हो, करू की," काका म्हणाले.

शनिवारी सकाळी हॉलच्या स्वयंपाकघरात, मोदकांच्या परातींच्या शेजारी बसून मी डोळे आखले. अंगाला रंग दिलाच नाही, विटकरी अंग तसंच ठेवलं. डोळ्यांच्या जागी खडू आणि डिंकाचा पांढरा हात, वर काळी रेघ. काकू दारातून म्हणत होत्या, "आटप गं, भटजी खोळंबलेत," आणि मी श्वास धरून डावी पापणी ओढत होते. उजवं बुबुळ भरलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला. वडील असते तर काय म्हणाले असते, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. पण त्या क्षणी मी सुखी होते, हे नाकारणार नाही. नंतर बाहेर आरास, आरत्या, फोटो सगळं झालं. कोणीतरी विचारलं, मूर्ती कुठून मागवली? काकू म्हणाल्या, "आपल्याकडच्याच मुलीनं केलीय, कुंभारांतलीच आहे ना ती."

रविवारी दुपारी उत्तरपूजा झाली, भटजींनी मूर्ती जागची हलवली. आता निघायचं म्हणून मी चपला शोधत होते. वळून बघते तर प्लास्टिकची बादली, त्यात नळाचं पाणी. काकांनी बादलीत सुपारी बुडवली, दोन बोटांनी गणपतीच्या पायांवर पाणी शिंपडलं, टाळ्या झाल्या. आणि काकू टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्रं चुरगाळून घालायला लागल्या.

"काका, पाण्यात सोडायचं ठरलं होतं."

"अगं, झालं की. सुपारीचं केलं. शास्त्रात चालतं."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"प्रॅक्टिकल हो जरा," काकू म्हणाल्या. "इतकी छान मूर्ती कोणी फेकून देतं का? आणि तुझं काय जातंय? तू केलीस, मंडळाला दिलीस, संपलं तुझं काम."

संपलं तुझं काम. आमच्या पडवीतून गणपती न्यायला आलेली माणसं माझ्या वडिलांशी याच सुरात बोलायची. वडील अंगणात उभं राहून हात जोडायचे. गणपती ज्या घरी जायचा त्या घराच्या माजघरात त्यांना कधी कोणी बोलावलं नाही. हे सगळं मी सातासमुद्रापलीकडे, कोलोराडोत, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये परत ऐकत होते. मी खोक्यात हात घातला आणि गणपती उचलला.

"ए, काय करतेस?"

"माझं काम संपलेलं नाही," मी म्हटलं. "आणि काकू, आज कुंभाराची मुलगी उकिरड्यावरून चाललीय. बघून घ्या."

कोणी अडवलं नाही. अडवलं असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन आधीच दाराशी उभा होता. त्यानं या वेळी कोपर मारलं नाही. डोंगराच्या वाटेनं मी गणपती मांडीवर धरून बसले. पोकळ केल्यामुळे हलका लागत होता, तेवढा भट्टीवालीचा उपकार.

गावाच्या वर बर्फाच्या पाण्याचं एक तळं होतं. उन्हं कलली होती. मी साडी खोचून पाण्यात शिरले, नवरा माझा दंड धरून मागे. थंडीनं पोटऱ्यांत कळ आली. गुडघाभर पाण्यात वाकून मी मूर्ती तळावर ठेवली आणि हात काढून घेतले.

मातीची मूर्ती पाण्यात सोडली की आधी बोटं जातात, मग सोंड, मग गाळ वर येतो आणि आपण तोंड फिरवतो. लहानपणापासून मी हे पाहिलेलं. हा हललासुद्धा नाही. काचेसारख्या त्या पाण्यात, गोट्यांवर मांडी घालून, ताठ बसून राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"चल, गारठशील," नवरा म्हणाला.

"थांबा."

मग डाव्या डोळ्यावरची काळी रेघ सुटली. खालचा खडू हळूहळू फुगला, दुधासारखा पाण्यात पसरला आणि त्याबरोबर बुबुळ गेलं. मग उजवा डोळा. भट्टीनं पक्कं केलेलं पोट, सोंड, कान, कापून सांधलेली पाठ, सगळं जागच्या जागी राहिलं. विरघळलं तेवढंच, जे माझ्या एकटीच्या हातचं होतं. चेहऱ्याच्या जागी कोरी वीट उरली.

अशा वेळी पुढच्या वर्षी लवकर या, म्हणायचं असतं. नवरा पुटपुटला असेल, मी नाही म्हटलं. जो गेलाच नाही त्याला परत ये कसं म्हणायचं? मी तशीच पाण्यात उभी राहिले, आणि राग इतका होता की मघाची थंडीही वाजेनाशी झाली.