जिना मावेल अशी व्हॅन

आमचे मेव्हणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, जिने बनवणारे सुतार आहेत. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्याबरोबर जुनी व्हॅन बघायला जायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मी ओळीने चार रविवार गेलो. चौथ्या रविवारपर्यंत माझ्या नाकी नऊ आले होते.

जिना अख्खाच न्यायला हवा, असं त्यांचं ठाम मत. दोन तुकड्यांत नेऊन जागेवर जोडला की वर्षभरात सांधा कुरकुरतो, आणि मग त्या घरातली माणसं वर जाताना एकदा आणि उतरताना एकदा सुताराचा उद्धार करतात. पण त्यांची व्हॅन पडली आखूड. वीस वर्षं त्यांनी तुकड्यांतले जिने नेले आणि वीस वर्षं त्याची लाज बाळगली. आता ती व्हॅन कायमची बसली होती. हवी होती ती लांब चेसिसची, पुढच्या आणि मागच्या चाकांत ऐसपैस अंतर असलेली, साडेदहा फुटांचा जिना पोटात घेऊन मागचं दार नीट लागेल अशी. नवी घ्यायची ऐपत नव्हती.

पैसे होते ते बहिणीचे. अकरा वर्षं लोकांचे पडदे शिवून तिने साठवलेले. पाकीट माझ्यासमोर टेबलावर ठेवून ती म्हणाली, "दादा, एवढे पुन्हा साठायचे नाहीत. मापं हे घेतील, इंजिन तू ऐक. तू हो म्हणालास तरच घ्यायची."

तिने मलाच सांगावं हे रास्तच होतं. बस डेपोत मी चौतीस वर्षं मेकॅनिक होतो. फाटकातून बस आत वळली की कुठलं बेअरिंग गेलंय हे मी हातातला चहा खाली न ठेवता सांगायचो. निवृत्त झाल्यापासून मात्र ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. हल्ली तर माणसंही तोंडातल्या तोंडात बोलतात.

मेव्हण्यांनी साडेदहा फुटांची एक पट्टी कापली आणि ती माझ्या छोट्या गाडीत तिरकी घातली. तिचं एक टोक माझ्या मांडीपाशी, दुसरं खिडकीबाहेर, टोकाला लाल फडकं. गिअर बदलताना दर वेळी कोपर पट्टीवर आपटायचं. शिवाय त्यांच्या खिशात जिन्याच्या कठड्याचा एक हातभर दांडा असायचा. तो कशाला, हे विचारायची माझी ताकद नव्हती.

पहिली व्हॅन खुर्च्या भाड्याने देणाऱ्याची होती. मीटरवर किलोमीटर अगदी थोडे, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत. मीटर मागे फिरवलेलं आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्ही दोघेही नको म्हणालो. इतकं एकमत आमचं पुन्हा झालं नाही.

दुसरी पाववाल्याची. आम्ही पोचलो तेव्हा पाववाला इंजिन चालू करून तयारच उभा. मी बॉनेट उघडून ऐकलं. तक्रारीला जागा नाही, लोण्यासारखं चाललेलं. मेव्हण्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "आधीच तापवून ठेवलंय. खोड असेल तर गार असतानाच कळते."

"म्हणजे आपला वेळ वाचला," मी म्हणालो.

मग ते मागे गेले, पट्टी आत घातली, ती मावली, दार लागलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात हे गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "दादा, फरशी उतरती आहे. जिना घसरेल."

"दोरी बांधा."

"नको. उतरती ती उतरतीच."

तिसरी फुलवाल्याची. आतून ओल्या पानांचा वास, बाहेरून चकचकीत. इंजिन पुन्हा झकास. मी सौद्याला सुरुवातसुद्धा केली होती. मेव्हणे दोन-तीन मिनिटं बॉनेटपाशी घुटमळले, मग मागचं दार चार वेळा उघडून लावलं आणि मान हलवली. "दार ओळंब्यात नाही."

माझं डोकं सटकलं. भर रस्त्यात मी त्यांना म्हणालो, "अहो मेव्हणे, तुम्हाला व्हॅन घ्यायची आहे की कपाट? दार लागतंय ना? गाडी इंजिनावर चालते, दारावर नाही." ते पट्टीवरचं फडकं घट्ट करत राहिले. रागावलेल्या माणसाला उलट उत्तरही मिळू नये, याहून मोठी शिक्षा नाही. घरी जाऊन मी बहिणीला फोन लावला. "तुझा नवरा ताकही फुंकून पितो. दोन चांगल्या व्हॅन घालवल्या त्याने. मी आता हात टेकले." मग ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दादा, अजून एकदा जा त्यांच्याबरोबर."

चौथी व्हॅन एका लाँड्रीची. चादरी-टॉवेलांचे गठ्ठे वाहणारी. किलोमीटर दणदणीत, पण खरे. तेल कधी बदललं, फॅनचा पट्टा कधी बदलला, सगळ्याच्या पावत्या एका फायलीत, आणि पहिल्यापासून एकच ड्रायव्हर. मेव्हण्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. बॉनेट गार होतं. खाली वाकून पाहिलं तर गंज वरवरचा. पट्टी आत घातली, ती मावून वर चार बोटं जागा उरली. किंमत पाकिटात बसत होती.

ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. मी ऐकलं. लोण्यासारखं.

"घ्या," मी म्हणालो. "पुरे झालं."

तर मेव्हण्यांनी खिशातून तो दांडा काढला, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं स्वतःच्या कानामागे टेकवलं आणि डोळे मिटले. मग दांडा वीतभर पुढे सरकवला. पुन्हा डोळे मिटले.

"हे काय चाललंय?" मी म्हणालो. "चौतीस वर्षं मी या कानांवर पोट भरलं. मी घ्या म्हणतोय, आणि तुम्ही कठड्याच्या दांड्याला विचारताय?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग दांडा माझ्या हातात दिला आणि स्वतःच्या कानामागच्या हाडावर बोट ठेवून दाखवलं, इथे.

त्यांना गप्प करायचं म्हणून मी दांडा टेकवला.

आणि इंजिन आलं. खरं इंजिन. डिझेलचे बारीक टकटक ठोके, साखळीची सळसळ, चारही सिलिंडर आपापल्या पाळीने, मध्ये पाण्याच्या पंपाची किंचित घरघर. डेपोतल्या सकाळी मला ऐकू यायचं ते सगळं. दांडा काढला की लोणी. टेकवला की इंजिन. मी तीन वेळा काढला आणि तीन वेळा टेकवला. इंजिन लोण्यासारखं चालत नसतं. ते आवाज करतं. मला एवढ्यात सगळीच इंजिनं चांगली वाटत होती.

ड्रायव्हर फाईल आणायला आत गेला. मी विचारलं, "फुलवाल्याच्या व्हॅनला काय होतं?"

"दुसऱ्या सिलिंडरला ठोका होता. चांगला मोठा."

"आणि पाववाल्याच्या?"

"गिअरबॉक्स रडत होता."

"आणि फरशी?"

ते दांड्याकडे बघत म्हणाले, "फरशी सरळ होती."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं? भर रस्त्यात माझं बोलणं ऐकून घेतलंत."

"इंजिन ऐकायचं काम तिने तुम्हाला दिलं होतं, दादा. मला मापांचं. मी मापांतच काहीतरी काढत होतो."

एवढी चीड मला चार रविवारांत आली नव्हती, आणि ती काढायची कोणावर तेही कळेना. ज्या माणसाला दोन तुकड्यांच्या जिन्याची वीस वर्षं लाज वाटते, त्याने माझ्यासाठी सरळ फरशी दोषी ठरवली होती आणि वर कपाटाचा टोमणा खाल्ला होता. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. माझे सुताराने टोचले, तेही जिन्याच्या कठड्याने.

"पंप थोडा घरघरतोय," मी म्हणालो. "किमतीतून पंपाचे पैसे कमी करून घ्या. बाकी इंजिन चांगलं आहे. या वेळी ऐकून सांगतोय."

त्यांनी मान डोलावली आणि पट्टी उचलली.

लांब व्हॅन त्यांनी चालवत नेली, मी मागोमाग माझ्या गाडीतून, पहिल्यांदाच कोपर न आपटता. बहीण दारात उभी होती. तिने व्हॅनभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडून आत पाहिलं, रिकाम्या फरशीवर हात फिरवला. मग माझ्याकडे न वळताच, व्हॅनच्या आत तोंड असताना, काहीतरी विचारलं.

अशा वेळी मी एरवी "हो हो" म्हणतो. बहुतेक ठिकाणी चालून जातं.

मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "पुन्हा सांग. मला ऐकू आलं नाही."