दूध संघाचं रिकामं सर्किट

"तुझ्या कंपायलरने सर्किट खाल्लं," समीर म्हणाला. समीर माझा मॅनेजर, बेंगळुरूला बसतो. मी ताडकळसला, आमच्या घराच्या माडीवर. "हजारो लेयर्स आत गेल्या, बाहेर शून्य. उद्या क्लायंटची मीटिंग आहे. त्यांना काय कोरं पान द्यायचं?"

"बघते."

"बघ. हा प्रोजेक्ट गेला तर तुझं वर्क फ्रॉम होमही गेलं. पुढच्या महिन्यात इकडे यावं लागेल."

आईचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले, आणि सांभाळायला ठेवलेल्या बाईला ती दोन दिवस टिकू देत नाही. मला जायचं नव्हतं. सरळ सांगायचं तर मी घाबरले होते.

माझं काम थोडक्यात सांगते. क्वांटम कॉम्प्युटरला गणित द्यायचं तर ते बारीक क्रियांमध्ये मोडावं लागतं. एका क्रियेला गेट म्हणतात. अशी गेट्स ओळीने लावली की सर्किट होतं, आणि एकामागून एक किती टप्पे, म्हणजे लेयर्स, लागतात ती त्याची खोली, अर्थात डेप्थ. अडचण अशी की या मशीनची आठवण उन्हाळ्यातल्या दुधासारखी असते. थोडा वेळ टिकते, मग नासते. सर्किट खोल असलं तर उत्तर येईपर्यंत सगळं नासलेलं असतं आणि मशीन वाटेल ते आकडे फेकतं. कंपायलर म्हणजे सर्किट उथळ करणारा प्रोग्राम. उत्तर तेच, टप्पे कमी. तो मी लिहिते.

क्लायंट होता पालमचा एक दूध संघ. हसू नका, मी आधीच हसून घेतलंय. संघाच्या टेम्पोच्या सकाळी दोन फेऱ्या. प्रत्येक संचालकाला आपलं गाव पहिल्या फेरीत हवं, त्यावरून दर मीटिंगला हमरीतुमरी. चेअरमन आप्पांनी टीव्हीवर क्वांटम पाहिलं आणि पुतण्याला कामाला लावलं. पुतणे प्रशांत सर कॉलेजात शिकवतात. त्यांनी अल्गोरिदम लिहिला आणि कुठल्याशा योजनेतून मशीनवर वेळही मिळवला. प्रत्येक गावाला एक क्यूबिट, म्हणजे मशीनमधली आकड्याची एक जागा. तिथे शून्य आलं तर गावाची फेरी आहे तीच. एक आलं तर बदला.

आठवडाभर संघ या उत्तरांवर चालला. रोज नवं उत्तर. चुडाव्याचं दूध सोमवारी पहिल्या फेरीत, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी परत पहिल्या. लोक कॅन घेऊन उभे आणि टेम्पो भलतीकडेच. मशीनमधलं सोडा, खरंखुरं दूध नासायला लागलं. म्हणून सर्किट उथळ करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आधी वाटलं, माझ्याच प्रोग्राममध्ये बग आहे. तीन गावांपुरतं सर्किट कागदावर हाताने सोडवलं. तेही शून्य. मग सर्किटचे दोन अर्धे भाग शेजारी शेजारी ठेवले आणि कपाळावर हात मारला. दुसरा अर्धा म्हणजे पहिलाच, उलटा फिरवलेला. एक गेट लावायचं आणि लगेच त्याचं उलट लावायचं, म्हणजे काहीच न करणं. कंपायलर अशा जोड्या उडवून टाकतो. मधली जोडी उडाली की तिच्या बाहेरची जोडी समोरासमोर येते, मग तीही उडते. असं करत करत काहीच उरलं नव्हतं.

मी प्रशांत सरांना फोन लावला.

"सर, दुसऱ्या भागात सगळं उलटं का फिरवलंय?"

"काम झाल्यावर मशीन स्वच्छ करायला नको का, मॅडम? नियमच हाय तसा."

नियम खरा आहे. मधल्या हिशेबाला वापरलेले क्यूबिट पुन्हा कोरे करायचे असतात. पण त्याआधी उत्तर दुसरीकडे उतरवून घ्यायचं असतं. सरांनी खवा काढायच्या आधीच कढई घासली होती.

"म्हंजे आठवडाभर आमी..."

"मशीनचा गोंधळ वाचत होतात."

"आप्पांना तुमीच सांगा," म्हणाले आणि फोन ठेवला.

समीरला सांगितलं तर तो खूश. "डेप्थ शंभर टक्के कमी केली, अशी स्लाइड करू!"

"कर. पण त्यात काही नाही, हे मी सांगणार."

दुसऱ्या दिवशी एसटीने पालमला गेले. पाहते तर प्रशांत सरांनी सकाळीच समीरने पाठवलेलं रिकामं सर्किट मशीनवर चालवूनही टाकलं होतं. सगळे संचालक चहाचे कप घेऊन बसलेले. आप्पा तर हवेत होते.

"ताई, हजारदा इचारलं तर जवळजवळ हजारदा एकच उत्तर! आमच्या संचालकांत एवढं एकमत कधी झालं न्हाई."

"आप्पा, ते सर्किट रिकामं आहे. मशीन काहीच करत नाही."

"चूक तर करत न्हाई ना?"

"काहीच करत नाही, तर चूक काय करणार?"

"मग आमाला हेच पायजे."

आता मात्र मला राग आला. मी उभी राहिले. "दुरुस्त सर्किट मी करून देईन. पण ते पुन्हा खोल जाईल आणि आजच्या मशीनवर नासेल. एवढ्याशा गावांचं कोडं माझा लॅपटॉप चहा निवायच्या आत सोडवतो. आणि सगळे शून्य म्हणजे तुमचं जुनंच वेळापत्रक. ते चालू ठेवायला आमची गरज नाही."

बोलून खाली बसले. बेंगळुरूचं तिकीट डोळ्यांसमोर दिसत होतं.

चुडाव्याच्या संचालकांनी कप खाली ठेवला. "म्हंजे मशीननं आमचं गाव दुसऱ्याच फेरीत ठेवलं?"

"मशीननं," आप्पा म्हणाले. "माझ्याकडं बघू नका."

"मशीनच म्हनायलंय तर काय करता," म्हणत त्यांनी चहा संपवला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. कोणी आवाज चढवला नाही.

आप्पा मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. "ताई, जुनंच बरं होतं हे मला लय आधीपासून ठाऊक हाय. पण मी म्हनलं की भांडण. मशीन कोनाच्याच गावचं न्हाई."

"पण मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं ना!"

"ऐकलं की सगळ्यांनी. पण मिटलेलं भांडण कोन कशाला उकरतंय?"

मी खूप हसले. सुटल्यासारखं वाटलं.

संघाने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. समीरने विचारलं, "स्कोप काय लिहू?" म्हटलं, "देखभाल." कशाची, हे त्याने विचारलं नाही. आता दर महिन्याला मी ते सर्किट नव्याने कंपाइल करते. रिकामंच येतं. यात काही नाही, असा रिपोर्ट पाठवते. टेम्पो वेळेवर जातो.

यातून शिकण्यासारखं एवढंच की आमच्या धंद्यात सगळ्यात भरवशाचं सर्किट म्हणजे रिकामं सर्किट. फक्त ते रिकामं आहे असं सही करून सांगणारं कोणीतरी लागतं, आणि त्या बाईला सध्या बेंगळुरूला जायला वेळ नाही.